बसचं घर झालं, आता ६००० किमीला निघायचंय... आधी काय काय बदलून टाकू?

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या. जुनी १० मीटरची बस घेऊन तिचं घर केलंय. दोन वर्षं गेली त्यात, पण बेड, ओटा, ४०० लिटरची पाण्याची टाकी, छतावर सोलर, लिथियम बॅटरी सगळं झालंय आता. इंजिन मागे आहे, सहा सिलिंडर डिझेल, हवेचे ब्रेक, गिअर ऑटोमॅटिक. सात आठवड्यांनी आम्ही दोघं आणि कुत्रा असे साधारण ६००० किमीच्या फेरीला निघतोय, वाटेत घाट भरपूर. माझा विचार असा की निघायच्या आदल्या आठवड्यात गाडी गॅरेजला लावायची आणि सगळंच नवं टाकून घ्यायचं, म्हणजे बेल्ट, होज, फिल्टर, इंजेक्टर, टर्बो, वॉटरपंप, अल्टरनेटर, म्हणजे डोक्याला ताप नाही. टायरची नक्षी पूर्ण आहे त्यामुळे तिकडे बघायची गरज नाही. यादीत काही राहिलंय का?

सहा_चाकं

वाचतोय. आणि फोटो टाका हो, घराचे नाही, खालचे.

जुना_फिटर

अभिनंदन, दोन वर्षं चिकाटी धरणं सोपं नाही. पण तुमच्या पोस्टमधल्या तीन गोष्टी खटकल्या. "आदल्या आठवड्यात", "सगळंच", आणि "टायरकडे बघायची गरज नाही".

माझं आयुष्य बसखाली पाठीवर झोपून गेलंय म्हणून सांगतो, रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांमध्ये नुकतंच काम झालेल्या गाड्या बऱ्याच असतात. नवीन पार्ट आला की त्याच्याबरोबर नवीन जोड आला. एखादी क्लिप अर्धीच आवळलेली, ओ-रिंग चिमटलेली, एखादा बोल्ट हाताने लावून पाना मारायचा राहिलेला. हे गॅरेजच्या दारात दिसत नाही, ८०-१०० किमीवर गाडी पूर्ण तापून हादरे बसले की दिसतं. त्यामुळे जे काही उघडायचं ते आत्ता उघडा, निदान तीन-चार आठवडे आधी काम संपवा, आणि मग टाकी भरून, भांडीकुंडी, कुत्रा सगळं घेऊन २००-३०० किमीची चक्कर दोनदा मारा. शेवटच्या आठवड्यात फक्त बघायचं, खोलायचं काही नाही.

आता "सगळंच". नीट चालणारे इंजेक्टर आणि टर्बो काढणं म्हणजे विकतचं दुखणं. थंड इंजिन पटकन सुरू होतंय, धूर नाही, डिझेल जास्त खात नाही, टर्बोच्या शाफ्टला खेळ नाही, मग कशाला हात लावता? रबर मात्र वयावर बदलायचं. होज, बेल्ट, ब्रेकच्या लवचिक नळ्या. दोन वर्षं गाडी उभी होती म्हणताय, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त म्हातारी होते.

आणि टायर. साइडवॉलवर डीओटी लिहिलेला लांबलचक कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे. २३१७ असेल तर २०१७ सालचा २३वा आठवडा. हा पूर्ण कोड कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असतो, म्हणजे आत वाकून बघावं लागेल. बघा आणि सांगा.

खडखडाट

इतकं घाबरवू नका हो नवीन माणसाला. आम्ही दोन वेळा लांबचा पल्ला मारला, फक्त ऑइल बदललं आणि निघालो, काही झालं नाही.

जुना_फिटर

@खडखडाट झालं नाही हे उत्तमच. पण काही झालं नाही म्हणजे तपासायला नको होतं असं नाही ना.

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. मागच्या चार टायरवर १९१८, ठीक आहे ना? पुढच्या उजव्या टायरवर ४४११ आहे!! नक्षी इतकी ताजी की नवा टायर म्हणून दुकानात ठेवला तर कुणी नाही म्हणणार नाही. जवळून बघितलं तर नक्षीच्या तळाशी आणि कडेला केसासारख्या चिरा आहेत. डावा पण तसाच असेल, कोड आतल्या बाजूला आहे, उद्या बघतो. बायकोला सांगितलं नाही अजून.

सहा_चाकं

२०११ चा टायर पुढे?? राव, पुढचं टायर फुटलं की एवढी मोठी गाडी हातात राहत नाही, हा धागा काढलात तो एवढ्यासाठीच वसूल झाला. पुढचे दोन्ही बदला, आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) बघून घ्या, स्वस्त मिळतो म्हणून कमी वजनाचा नको. मागचे पण २०१८ चे म्हणजे तरुण नाहीत, चिरा नीट बघा, शंका आली तर तेही.

अजून एक, मागच्या जोडटायरात आतल्या टायरची हवा गेजनेच बघायची. हातोडी मारून आवाजावरून ओळखणारे बरेच असतात, पण ठार रिकामा टायर सोडला तर आवाजात काही कळत नाही. आतलं टायर बसलं की सगळं वजन बाहेरच्यावर, आणि बसलेलं टायर रगडून रगडून इतकं तापतं की पेट घेतं. व्हॉल्व्हला एक्स्टेंशन लावून घ्या म्हणजे कंटाळा येणार नाही, आणि एक्स्टेंशन धातूच्या वेणीचं असेल तर टोक पक्कं बांधा, लोंबकळलं की तेच हवा सोडतं. हवा नेहमी थंड टायरवर, सकाळी.

लुकलुकता_दिवा

फिटरकाकांनी यंत्राचं सांगितलंच आहे, मी वायरींचं बोलते, कारण घर केलेल्या बसमध्ये आग लागते ती बऱ्याचदा आपणच ओढलेल्या वायरींनी. बसच्या सांगाड्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट लावलेत का? पत्र्याची कड सुरीसारखी असते आणि बस सतत थरथरते, ६००० किमी म्हणजे तेवढा वेळ करवत चालवल्यासारखं. भिंतीआड झाकलं असेल तर जिथून जिथून दिसतं तिथे तरी बघा. दुसरं, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. बऱ्याच जणांचा फ्यूज छान पॅनेलवर असतो आणि बॅटरीपासून पॅनेलपर्यंतची जाड वायर मात्र उघडी, बिनसंरक्षणाची. फ्यूजच्या अलीकडे काही घासलं तर फ्यूजला पत्ताच लागत नाही.

आणि गाडी चालताना लिथियम चार्ज कशी होते? अल्टरनेटरला थेट जोडली असेल तर थांबा. लिथियम मागेल तेवढा करंट खेचते, अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालायला बनलेला नसतो, तापून जातो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, तो करंट मर्यादेत ठेवतो. शून्याखाली तापमान जाणार असेल तर त्या थंडीत चार्जिंग बंद करणारं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) आहे ना तेही बघून ठेवा.

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

@लुकलुकता_दिवा ताई, डीसी-डीसी आहे. ग्रोमेट... काही ठिकाणी आहेत 😬

पाना_नंबर_१९

मागे इंजिन म्हणजे कूलंटचा मोठा पसारा आहे. हीटरच्या नळ्या मागून पार पुढे ड्रायव्हरपर्यंत जातात, त्यातला एखादा जुना होज तुमच्या नव्या फरशीखाली असेल. हाताने दाबून बघा, दगडासारखा कडक नाहीतर लगदा झालेला, दोन्ही वाईट. हीटर वापरणार नसाल तर इंजिनजवळच जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या नळीवर कॉक असतात, ते दोन्ही बंद करून टाका, पुढे कुठे फुटलं तरी इंजिनचं पाणी शाबूत.

रेडिएटर बाहेरून चकचकीत दिसतो म्हणून सोडू नका. मागच्या इंजिनला रस्त्याची धूळ आणि इंजिनचा तेलकट वाफारा दोन्ही चिकटतात, आणि चिकटतात ते आतल्या बाजूला, पंख्याकडून उजेड टाकून बघा. धुताना प्रेशर वॉशर जवळून नको, पाती झोपतात.

कूलंट फक्त रंग बघून टॉपअप करू नका, रंग म्हणजे जात नव्हे. ज्या मोठ्या डिझेल इंजिनात सिलिंडरच्या लायनरला (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) बाहेरून थेट कूलंट लागतं तिथे चुकीच्या कूलंटने लायनरला बारीक बारीक खड्डे पडतात आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये. टेस्ट स्ट्रिप मिळतात, बुडवून बघा.

आणि एक गंमत, तापमानाच्या काट्यावर आंधळा विश्वास नको. कूलंट सगळं वाहून गेलं की सेन्सर हवेत लटकतो आणि काटा उलटा खाली येतो, ड्रायव्हर खूश आणि इंजिन भाजतंय. कूलंटची पातळी दाखवणारा अलार्म वेगळा असेल तर तो वाजतो का ते बघा.

रात्रपाळी

घाट आहेत म्हणालात म्हणून. गिअरबॉक्स कोणता? जुन्या बसमध्ये ॲलिसन एटी ५४५ असेल तर त्याला टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी सोय) नसतं. चढावर तेल तापतं आणि उतारावर इंजिनचा ब्रेक जवळपास मिळतच नाही, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर. गिअर ऑइलचं तापमान दाखवणारा गेज लावून घ्या, सोपं काम आहे.

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

@रात्रपाळी बिल्ला बघितला, ५४५ च आहे. गेज लावतो. त्या बिल्ल्यापर्यंत पोचायला बेडखालचा प्लायवूडचा तुकडा कापावा लागला हे वेगळं सांगायला नको. फरशी टाकताना गिअरबॉक्सचं झाकण आणि डिझेल टाकीच्या फ्लोटचं झाकण दोन्ही आम्ही प्रेमाने कायमचं बंद करून टाकलं होतं.

जुना_फिटर

ही घर केलेल्या बसची खरी दुखरी जागा. बस बनवणाऱ्याने प्रत्येक झाकण कशासाठी तरी ठेवलेलं असतं आणि आपण त्यावर कपाट बसवतो. कापलंच आहे तर बिजागरी लावून कायमचं दार करा. मागचं संकटकालीन दार आणि खिडक्या पण आतून उघडून बघा, बेडच्या फळीला अडत नाही ना. अंधारात उघडता आलं पाहिजे.

आता हवेचे ब्रेक. सपाट जागा, चाकांना उट्या लावा, नुसत्या हँडब्रेकवर विसंबून गाडीखाली कधी जायचं नाही. इंजिन चालू करून हवा भरू द्या, साधारण १२० पीएसआयच्या आसपास कंप्रेसर सुटल्याचा फुस्स आवाज येतो. मग इंजिन बंद, हँडब्रेक सोडा, पायाचा ब्रेक घट्ट दाबून एक मिनिट धरा. पहिली घट सोडून द्या, त्यानंतर मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरलं तर कुठेतरी गळतंय, साबणाचं पाणी घेऊन शोधा. मग पंप करत करत हवा उतरवा, ६० च्या आसपास बझर वाजला पाहिजे, आणि अजून खाली गेल्यावर २० ते ४५ च्या दरम्यान हँडब्रेकचं बटण आपोआप बाहेर उडालं पाहिजे. हवेच्या टाक्यांत साचलेलं पाणी सोडा. थोडं पाणी चालतं, तेल निघालं तर कंप्रेसर तेल फेकतोय आणि हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज पण गेलं समजा.

खडखडाट

ब्रेकचं काय, स्लॅक अॅडजस्टर (ब्रेकचा ढिलेपणा काढणारे) आवळून घेतले की झालं. मी दर महिन्याला आवळतो.

जुना_फिटर

@खडखडाट तुमचे हाताने आवळायचे असतील तर ठीक. ऑटोमॅटिक असतील तर आवळायचे नसतात. ऑटोमॅटिक स्लॅक ढिला झाला म्हणजे तो तरी बिघडलाय नाहीतर पिना, बुश झिजलेत, आवळून तुम्ही फक्त लक्षण झाकताय. मोजा. ३० नंबरच्या साध्या ब्रेक चेंबरला (हवेने दांडी ढकलणारा डबा) ९०-१०० पीएसआयवर पूर्ण ब्रेक दाबून दांडी २ इंचांपेक्षा जास्त बाहेर यायला नको.

सहा_चाकं

वजन केलं का कुणी विचारलंच नाही! ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, आणि टाकी कुठे आहे?

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

अगदी मागे, मागच्या चाकांच्याही मागे, इंजिनच्या वरच. तिथेच जागा होती.

सहा_चाकं

मग वजनकाट्यावर आधी नुसती पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडी, मग नुसती मागची. मागे लोंबणाऱ्या भागात वजन टाकलं की ते मागच्या अॅक्सलवर त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पडतं, कारण पुढचा भाग उचलला जातो, तरफ आहे ती. स्टिअरिंग हलकं लागतं आणि लोकांना वाटतं वा काय सुंदर चालतेय. टायरची हवा पण या वजनावरून, टायर कंपनीच्या तक्त्यात बघून ठरवायची.

गोगलगाय_डिझेल

डिझेलबद्दल थोडक्यात. दोन वर्षं पडलेल्या टाकीत तळाशी पाणी आणि त्या पाण्यावर वाढणारा काळा बुळबुळीत जंतूंचा थर असू शकतो. उभ्या गाडीत तो शांत असतो, खड्ड्यांतून गेलं की ढवळून फिल्टरमध्ये जातो. टाकीचा तळ काढून बघा, आणि फिल्टरचे दोन जास्तीचे संच बरोबर ठेवा. नुसते ठेवू नका, एकदा घरी स्वतः बदलून हँडपंपने हवा काढून इंजिन चालू करून बघा. रस्त्याच्या कडेला पावसात पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही. कॉमन रेल इंजिन (डिझेल फार मोठ्या दाबाने सोडणारं) असेल तर हवा काढायला इंजेक्टरची नळी सैल करायची जुनी पद्धत वापरू नका, त्या दाबाने डिझेल कातडीतून आत घुसतं.

वळणवाट

गॅसचं कोणीच बोललं नाही. सगळे जोड साबणाच्या पाण्याने. रबरी नळीवर तारीख असते ती वाचा. गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे त्याचा अलार्म जमिनीलगत हवा, कार्बन मोनॉक्साइडचा मात्र झोपतो त्या उंचीला, आणि दोन्ही अलार्मना मुदत असते, पाठीवर छापलेली. चालत्या गाडीत सिलिंडर बंद. बाकी छतावर सोलर चढल्यावर गाडीची नवी उंची मोजून ड्रायव्हरसमोर चिकटवा.

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

चार आठवड्यांनी अपडेट देतोय, मंडळींनो. पुढचे दोन्ही टायर नवे (डावा ४५११ निघाला). होज सगळे बदलले, त्यातला फरशीखालचा एक हातात तुकडे होऊन आला. इंजेक्टर, टर्बोला हात लावला नाही. डिझेल टाकीतून जे निघालं त्याचा फोटो टाकत नाही, जेवायची वेळ आहे. वजन केलं, मागचा अॅक्सल मर्यादेपेक्षा २१० किलो जास्त होता, म्हणून पाण्याची टाकी पुढच्या चाकांमागे हलवली, त्यासाठी बाकडं तोडलं, घरात दोन दिवस अबोला होता. ग्रोमेट लावताना एका वायरचं आवरण अर्धं कापलेलं सापडलं, फक्त तांबं दिसायचं बाकी होतं. दिवाताई, तुम्हाला साष्टांग.

काल भरलेल्या गाडीची पहिली चक्कर, २४० किमी. ९० किमीवर थांबलो तर मागे डावीकडे जळका वास. इन्फ्रारेड थर्मामीटरने ड्रम मोजले: पुढचे दोन ५८ आणि ६१, मागचा उजवा ६६, मागचा डावा १४२ अंश!

रात्रपाळी

थर्मामीटर चकचकीत अॅल्युमिनियमवर धरला नव्हता ना? चकाकीवर तो आकडा खोटा, कमी दाखवतो.

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

नाही, गंजलेल्या ड्रमवरच. आणि थांबायच्या आधी जवळपास ब्रेक न लावता गाडी आपसूक सोडली होती.

जुना_फिटर

ब्रेक धरून राहतोय. गॅरेजमध्ये त्या चाकाला कुणी काय केलं ते आठवा.

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

आठवायची गरज नाही, बिलावर लिहिलंय, "ब्रेक आवळले". स्लॅक ऑटोमॅटिक आहेत काका. सगळं मोजून ठीक होतं, मी सांगितलंही नव्हतं, त्यांनी आपुलकीने करून दिलं.

जुना_फिटर

तेच. ब्रेकचा लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळला आणि मागे सोडला नाही. ऑटोमॅटिक अॅडजस्टर ढिलं झालेलं आवळतो, जास्त आवळलेलं तो स्वतः सोडत नाही. सोडून घ्या, पण ड्रम उतरवूनच. १४२ ला किती वेळ होता माहीत नाही, लायनरला चकाकी आलीय का, ड्रमला निळे डाग, रिटर्न स्प्रिंग मलूल, आणि हबच्या सीलमधून तेल लायनरवर आलंय का, हे चारही बघायचं. आणि खडखडाटराव, हे तुम्ही पण वाचा.

खडखडाट

वाचलं. माझे हाताचे आहेत, तरी उद्या मोजतो 🙏

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

आज दुसरी चक्कर झाली, २८० किमी, एक घाट धरून. ड्रम उतरवला होता, सील गेलं होतं, लायनरला तेल, म्हणून मागचे दोन्हीकडचे लायनर आणि ते सील नवं. आजचे आकडे: पुढे ५५, ५७, मागे ६४, ६२. गिअर ऑइल चढावर वर जात होतं पण खालच्या गिअरमध्ये टाकून सावकाश गेल्यावर थांबलं. एक कपाटाचं दार आणि कुत्र्याचं भांडं सोडलं तर काही पडलं नाही. निघायला १९ दिवस आहेत, आता काही खोलत नाही.

पाना_नंबर_१९

चाकं काढली होतीत ना ड्रमसाठी? ८० ते १५० किमीच्या दरम्यान नट परत ताणायचे असतात, टॉर्क पान्याने. केलं का?

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

...थांबा, टॉर्च घेऊन येतो.

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

मागच्या डाव्या चाकाचे दहापैकी तीन नट फिरले, एक जवळजवळ पाव फेरा. बाकी सगळे घट्ट होते, मागचे उजवे आणि नव्या टायरचे पुढचे पण बघितले. उद्या अजून १०० किमी फिरवून परत बघतो आणि इथे टाकतो.